वाहतूक अपराध-अभिलेख

मोटार वाहनविषयक कायदे व नियम यांचा भंग झाल्याची जी नोंद पोलीस, परिवहन खाते आणि न्यायालय यांच्या दप्तरी होते, तिला वाहतूक अपराध-अभिलेख असे म्हणता येईल. व्यवहारात या नोंदीला ‘चलान’ असे सरसकट नाव पडले आहे. पण चलान हा या अभिलेखाचा केवळ आरंभ होय. त्यावर पुढे तडजोड झाली, खटला चालला, की मूळ नोंदच रद्द झाली, यानुसार अभिलेखाचे कायदेशीर स्वरूप पालटते. हा फरक वाहनचालकाच्या दृष्टीने पुष्कळदा दंडाच्या रकमेहून अधिक महत्त्वाचा असतो.

चलान हा शब्द मराठी कारभारात जुना आहे. रोकड, माल किंवा कैदी एका ठिकाणाहून दुसरीकडे पाठविताना सोबत दिलेली याद, असा त्याचा मूळ अर्थ. सरकारी कोषागारात पैसे भरण्याचा कागद आणि व्यापाऱ्याने मालाबरोबर दिलेला कागद हे त्याचे दोन अर्थ आजही प्रचलित आहेत. कोषागाराचे चलान हाती असणे म्हणजे पैसे भरल्याचा पुरावा. वाहतुकीचे चलान हाती असणे म्हणजे याच्या नेमके उलट, पैसे भरावयाचे असल्याची किंवा आरोपाला उत्तर द्यावयाचे असल्याची सूचना. ‘माझ्याकडे चलान आहे’ असे म्हणणाऱ्यांपैकी काहींचा घोटाळा या शब्दापासूनच सुरू होतो.

कायद्याचा विकास : भारतात मोटार वाहनांसाठी अखिल भारतीय स्वरूपाचा पहिला कायदा १९१४ मध्ये झाला. त्याची जागा १९३९ च्या मोटार वाहन अधिनियमाने घेतली आणि १ जुलै १९८९ पासून मोटार वाहन अधिनियम, १९८८ अंमलात आला. १९३९ च्या अधिनियमातील कलम १३० मध्ये किरकोळ अपराधाच्या आरोपीला प्रत्यक्ष हजर न होता पत्राने दोष कबूल करून रक्कम न्यायालयाकडे पाठविण्याची सोय होती. टपालाने दोष कबूल करण्याची अशी सोय खुद्द इंग्लंडमधील दंडाधिकारी न्यायालयांत १९५७ च्या कायद्याने आली, ही गोष्ट लक्षणीय आहे. आजच्या अधिनियमात ही तरतूद कलम २०८ मध्ये असून मनीऑर्डरच्या कुपनावरच दोषाची कबुली लिहावी असे त्यात म्हटले आहे. मनीऑर्डरचे ते कागदी रूप आता राहिलेले नाही, कलमाचे शब्द मात्र टिकून आहेत.

१९८८ च्या अधिनियमातील दंडाच्या रकमा दीर्घकाळ अत्यल्प होत्या. इतरत्र शिक्षा सांगितलेली नाही अशा सर्वसाधारण नियमभंगास (कलम १७७) पहिल्या वेळी १०० व पुढील प्रत्येक वेळी ३०० रुपयांपर्यंत दंड असे. २०१९ च्या दुरुस्तीने या रकमा अनुक्रमे ५०० व १,५०० रुपये झाल्या. विनापरवाना वाहन चालविण्याबद्दल ५,००० रुपये आणि मद्यपान करून वाहन चालविण्याबद्दल पहिल्या वेळी १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कारावास अथवा दोन्ही, अशा शिक्षा ठरल्या. दुरुस्त तरतुदींपैकी बऱ्याच १ सप्टेंबर २०१९ पासून देशात लागू झाल्या. महाराष्ट्राने तडजोडीच्या सुधारित रकमांची अधिसूचना मात्र डिसेंबर २०२१ मध्ये काढली. त्यामुळे या दरम्यानच्या काळातील जुनी नोंद तपासताना अपराधाची तारीख प्रथम पाहावी लागते. दंडाचे प्रमाण अपराध घडला त्या दिवशीच्या कायद्याप्रमाणे ठरते, नोंद उघडून पाहिली त्या दिवशीच्या नव्हे.

स्थानिक न्यायालय व अधिकारक्षेत्र : वाहतूक अपराधाचा खटला सामान्यतः ज्या न्यायालयाच्या हद्दीत तो घडला तेथे चालतो. चालकाचे राहण्याचे ठिकाण किंवा वाहनाची नोंदणी कोठे आहे, याचा त्याच्याशी संबंध नसतो. हे तत्त्व सांगावयास सोपे असले, तरी मानखुर्दसारख्या ठिकाणी त्याचा प्रत्यय गुंतागुंतीचा येतो.

मानखुर्द हे मुंबई उपनगर जिल्ह्याच्या कुर्ला तालुक्यातील बृहन्मुंबईच्या पूर्व टोकाचे उपनगर. सायन–पनवेल महामार्गाला येथे घाटकोपर–मानखुर्द जोडरस्ता येऊन मिळतो. या जोडरस्त्यावरील उड्डाणपूल १ ऑगस्ट २०२१ रोजी वाहतुकीस खुला झाला. दक्षिण मुंबईतून येणारा आणि २०१३ व २०१४ अशा दोन टप्प्यांत खुला झालेला पूर्व मुक्तमार्गही याच जोडरस्त्यावर संपतो. त्यावर दुचाकी व तीनचाकी वाहनांना मनाई आहे. पूर्वेस ठाण्याच्या खाडीवरील पुलांवरून (पहिला १९७३, दुसरा १९९७) महामार्ग वाशीकडे जातो. अवजड मालमोटारी, नवी मुंबईत कामावर जाणारी दुचाकी वाहने, गोवंडी–मानखुर्दच्या रिक्षा व टेंपो अशी सर्व प्रकारची वाहने या एकाच नाक्यावरून जातात.

याचा परिणाम असा, की मानखुर्दच्या एखाद्या टेंपोचालकाची एका दिवसातील तीन चलाने तीन वेगवेगळ्या न्यायालयांच्या कक्षेत येऊ शकतात. जोडरस्त्यावर सिग्नल तोडल्याचे प्रकरण कुर्ला येथील दंडाधिकारी न्यायालयाकडे जाईल, कारण मानखुर्द–गोवंडी–ट्रॉम्बे परिसरातील प्रकरणे तेथे चालतात. दक्षिणेस शहरात कोठे चुकीच्या ठिकाणी वाहन उभे केले असेल, तर ते प्रकरण शहरातील अन्य दंडाधिकारी न्यायालयाचे होईल. खाडीपुलाच्या पलीकडे वेगमर्यादा ओलांडली असेल, तर पोलीस आयुक्तालय नवी मुंबईचे, जिल्हा ठाणे आणि न्यायालय बेलापूरचे. पोलिसांच्या संगणकीय यादीत मात्र ही तिन्ही चलाने एका वाहनक्रमांकाखाली एकाखाली एक दिसतात. ती एकाच कचेरीत मिटतील असा समज त्यावरून सहज होतो. तडजोड करावयाची असल्यास तो बव्हंशी खराही ठरतो, पण आरोप नाकारावयाचा असल्यास नाही.

जुन्या अभिलेखाचा शोध घेणाऱ्यास न्यायालयांची बदललेली नावेही ठाऊक असावी लागतात. १ एप्रिल १९७४ रोजी फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ लागू होण्यापूर्वी मुंबईत प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेट असत. त्यानंतर महानगर दंडाधिकारी आले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत महानगर क्षेत्र हा वर्गच वगळला असल्याने न्याय दंडाधिकारी (प्रथम वर्ग) हे पदनाम मुंबईसही लागू झाले. स्वतंत्र मुंबई उपनगर जिल्हा १ ऑक्टोबर १९९० रोजी अस्तित्वात आला. त्याआधीच्या कागदांवर जिल्ह्याचे नाव वेगळे सापडते. न्यायालयाची इमारत बहुधा तीच असते, शीर्षक बदललेले असते.

अभिलेखाचे प्रकार : एकाच अपराधाची नोंद चार ठिकाणी होऊ शकते आणि या चार नोंदी वेगवेगळ्या किल्ल्यांनी उघडतात.

पहिली नोंद पोलिसांची. २०१६ पर्यंत मुंबईत वाहतूक पोलीस कागदी पावती फाडीत किंवा लायसन ताब्यात घेऊन तात्पुरती पोचपावती देत. अशा पोचपावतीवर लायसन परत मिळेपर्यंत अथवा तीत नमूद केलेल्या तारखेपर्यंत वाहन चालविता येते (कलम २०६). ऑक्टोबर २०१६ मध्ये मुंबईत ई-चलान पद्धत आली आणि पुढे ती राज्यभर पसरली. नाक्यावरील कॅमेरा किंवा पोलिसाच्या हातातील यंत्र यांच्या साहाय्याने अपराधाची छायाचित्रासह नोंद होते व नोंदणीकृत मालकाच्या भ्रमणध्वनीवर संदेश जातो. या नोंदीचा आधार वाहनाचा क्रमांक हा असतो. राज्याच्या ई-चलान संकेतस्थळावर वाहनक्रमांक व चासी किंवा इंजिन क्रमांकाचे अखेरचे चार अंक दिले असता थकीत व भरलेली चलाने, स्थळ, वेळ, कलम आणि छायाचित्र पाहता येते.

दुसरी नोंद न्यायालयाची. ती खटल्याच्या क्रमांकाने आणि आरोपीच्या नावाने होते, वाहनक्रमांकाने नव्हे. लहान वाहतूक खटले संक्षिप्त पद्धतीने चालतात आणि त्यांत साक्षीपुराव्याचे सविस्तर टिपण न ठेवता विहित नमुन्यात थोडक्यात नोंद करण्याची मुभा दंडाधिकाऱ्यास असते. अनुक्रमांक, अपराधाची तारीख, खबर किंवा फिर्याद दिल्याची तारीख, फिर्यादीचे नाव, आरोपीचे नाव–पितृनाम–निवास, आरोपित व सिद्ध झालेला अपराध, आरोपीचे उत्तर, निष्कर्ष, शिक्षा किंवा अंतिम आदेश आणि काम संपल्याची तारीख, एवढ्या दहा बाबींत एक संपूर्ण फौजदारी खटला सामावतो. आरोपीने दोष कबूल केला नसेल, तर पुराव्याचा सारांश व कारणे यांसह छोटे निकालपत्र लिहावे लागते. याचा अर्थ, ज्याने दोष कबूल केला त्याच्या प्रकरणी मागाहून तपासण्याजोगे जवळजवळ काहीच मागे राहत नाही.

तिसरी नोंद लायसन देणाऱ्या प्राधिकाऱ्याची. लायसनधारकास मोटार वाहन अधिनियमाखाली किंवा मोटार वाहन वापरून केलेल्या अन्य अपराधाबद्दल शिक्षा झाली, की नाव, पत्ता, लायसन क्रमांक, अपराधाचे स्वरूप व शिक्षा ही माहिती न्यायालयाने त्या प्राधिकाऱ्यास कळविली पाहिजे, असा कलम २१० चा दंडक आहे. चौथी नोंद वाहनाच्या नोंदणीपटावरील असून ती नोंदणी प्राधिकाऱ्याकडे असते. मानखुर्दच्या रहिवाशाच्या बाबतीत ही दोन्ही कामे वडाळा येथील मुंबई (पूर्व) प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे येतात. त्याच्या वाहनांचे क्रमांक एमएच ०३ या अक्षरांकांनी सुरू होतात. थकीत चलानांची खूण नोंदणीपटावर उमटली, म्हणजे वाहनाचे हस्तांतरण व तत्सम व्यवहार अडतात, आणि बहुसंख्य मालकांना चलानाची पहिली गंभीर जाणीव तेथेच होते.

थोडक्यात, पोलिसांकडे वाहन ओळखले जाते, न्यायालयात माणूस, आणि परिवहन कार्यालयात कागदागणिक कधी हे तर कधी ते. कायद्याने अपराध माणसाच्या माथी येतो, नोंद मात्र आधी वाहनाला चिकटते. या विषयातील बहुतेक अडचणींचे मूळ येथे आहे.

निकालाच्या पद्धती : चलानाचा शेवट तीन मार्गांनी होऊ शकतो व त्यांचे परिणाम सारखे नाहीत.

तडजोड हा सर्वांत रुळलेला मार्ग. कलम २०० नुसार राज्य शासनाने प्राधिकृत केलेला अधिकारी ठराविक रक्कम घेऊन विशिष्ट अपराध मिटवू शकतो. हे खटला दाखल होण्यापूर्वी किंवा नंतरही करता येते. रक्कम भरली, की त्या अपराधाबद्दल पुढील कारवाई होत नाही. ही रक्कम व्यवहारात ‘दंड’ म्हणवली जात असली, तरी दंड ही न्यायालयाने दिलेली शिक्षा असते. तडजोडीत न्यायालयाचा दोषनिर्णय होत नाही. नोकरी, परवाना किंवा परदेशप्रवासाच्या अर्जात ‘न्यायालयाने कधी दोषी ठरविले आहे काय’ असा प्रश्न येतो, तेव्हा हा भेद ध्यानात घेऊन उत्तर द्यावयाचे असते. तडजोडीलाही मर्यादा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर, वेगमर्यादेचा भंग किंवा शिरस्त्राणाचा अभाव अशा अपराधांत लायसन तात्पुरते रद्द करण्याची कारवाई केवळ पैसे भरल्याने टळत नाही. मद्यपान करून वाहन चालविण्याचा अपराध (कलम १८५) तर तडजोडीच्या यादीतच नाही. रक्तात १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क श्वासपरीक्षेत वा अन्य चाचणीत आढळला, की ते प्रकरण न्यायालयातच जाते. मुंबईत याविरुद्ध २००७ मध्ये नियमित मोहीम सुरू झाली.

न्यायालयीन मार्गात समन्स निघते. आरोपीने स्वतः अथवा वकिलामार्फत हजर व्हावे किंवा कलम २०८ प्रमाणे कबुली व रक्कम पाठवून प्रकरण संपवावे. सर्वसाधारण फौजदारी कायद्यात क्षुल्लक अपराधांसाठी विशेष समन्सची वेगळी तरतूद आहे, परंतु मोटार वाहन अधिनियमाखालील अपराध तीतून मुद्दाम वगळले आहेत. त्यांची स्वतःची व्यवस्था कलम २०८ मध्ये असल्याने तसे केले असावे. आरोप अमान्य असेल, तर तसे स्पष्ट सांगावे लागते, आणि मग अपराध सिद्ध करण्याची जबाबदारी अभियोग पक्षावर येते. एकदा दोष कबूल केल्यावर प्रथम वर्ग दंडाधिकाऱ्याच्या निर्णयाविरुद्ध अपील करता येते ते शिक्षेचे प्रमाण किंवा तिची वैधता एवढ्यापुरतेच. खेप वाचावी म्हणून पहिल्याच तारखेस ‘कबूल’ म्हणणाऱ्या रोजंदारीच्या चालकास या वाक्याची किंमत बहुधा कोणी सांगितलेली नसते. दिवसाची कमाई बुडू नये हा त्याचा हिशेब त्या दिवसापुरता बरोबर असतो.

नागपूर जिल्ह्यातील काटोल येथे ऑक्टोबर २०२० मध्ये वाहतूक चलानांसाठी आभासी न्यायालय सुरू झाले. दिल्ली व हरियाणा येथे २०१९ मध्ये असे प्रयोग झाले होते. यात समन्स व भरणा संगणकाद्वारे होतो. आरोपीने आरोप नाकारला, की प्रकरण नियमित न्यायालयाकडे वर्ग होते.

तिसरा मार्ग लोकअदालतीचा. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ खालील लोकअदालतींत थकीत ई-चलानांची दाखलपूर्व प्रकरणे महाराष्ट्रात २०२१ पासून मोठ्या प्रमाणावर ठेवली जाऊ लागली. लोकअदालतीचा निवाडा अंतिम असतो व त्याविरुद्ध अपील नाही. जे अपराध कायद्याने तडजोडयोग्य नाहीत त्यांवर तिला अधिकारही नाही. लोकअदालतीची नोटीस आली म्हणजे खटला दाखल झाला, असे समजण्याचे कारण नाही. ती मिटवण्याची संधी देणारी सूचना असते. तेथे न गेल्यास शिक्षा होत नाही, पण चलान थकीत राहते.

मुदती : वाहतूक अपराधाच्या अभिलेखात तारखांना विशेष महत्त्व आहे. वेगमर्यादेचा भंग (कलम १८३) व धोकादायक रीतीने वाहन चालविणे (कलम १८४) या अपराधांत आरोपीस जागीच खटल्याची समज दिलेली असली पाहिजे, नाही तर अपराधापासून १४ दिवसांत नोंदणी टपालाने नोटीस धाडलेली किंवा २८ दिवसांत समन्स बजावलेले असले पाहिजे. एरवी दोषसिद्धी होऊ शकत नाही (कलम २०९). आरोपीचे किंवा मालकाचे नाव-पत्ता योग्य प्रयत्नांनीही वेळीच कळणे शक्य नव्हते, असे न्यायालयास पटल्यास याला अपवाद होतो. ब्रिटनच्या १९३० च्या रस्ता वाहतूक कायद्यातील तरतुदीशी या कलमाचे साम्य उघड आहे. त्यामागील कल्पना न्याय्य आहे : महिनाभरानंतर त्या दिवशी आपण किती वेगाने जात होतो, हे कोणासच आठवत नाही आणि आठवले तरी सिद्ध करता येत नाही.

ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७–अ हा नियम आला. त्याने कॅमेऱ्याने टिपलेल्या अपराधाची नोटीस १५ दिवसांच्या आत पाठविणे व चलान निकाली निघेपर्यंत मूळ इलेक्ट्रॉनिक अभिलेख जपून ठेवणे बंधनकारक केले. यंत्रास मान्यतेचे प्रमाणपत्र असावे, देखरेखीखालील रस्त्यावर इशाऱ्याचे फलक असावेत, चलानासोबत वाहनक्रमांक स्पष्ट दिसणारे छायाचित्र, यंत्राचे मोजमाप, स्थळ, दिनांक, वेळ आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र असावे, अशा अटीही त्यात आहेत. आरोप नाकारणाऱ्याने प्रथम मागावयाचे ते हे कागद होत.

तिसरी मुदत सर्वसाधारण फौजदारी कायद्याची. ज्या अपराधास केवळ दंडाची शिक्षा आहे त्याची दखल न्यायालयाने सहा महिन्यांनंतर घेता कामा नये. एक वर्षापर्यंत कारावास असल्यास ही मुदत एक वर्षाची आहे. विलंबाचे समाधानकारक कारण असेल किंवा न्यायाच्या दृष्टीने आवश्यक असेल, तर न्यायालय तो क्षमापित करू शकते. शिरस्त्राण न घालण्यासारखी केवळ दंडाची प्रकरणे वर्षानुवर्षे ‘थकीत’ म्हणून संगणकात दिसत राहतात, त्यांच्याबाबत एक विसंगती निर्माण होते. मुदत उलटल्यावर खटला भरण्यात कायद्याचा अडसर येतो, परंतु चलानाची नोंद आपोआप पुसली जात नाही आणि वाहन विकावयास काढले, की तीच नोंद आडवी येते. न्यायालयात मागता न येणारी रक्कम कचेरीत भरावी लागावी, ही स्थिती समाधानकारक म्हणता येत नाही.

अभिलेखाचा शोध व नकला : शोधाचा आरंभ वाहनक्रमांकाने पोलिसांच्या यादीत करावा आणि प्रत्येक चलानाचे स्थळ व तारीख टिपून घ्यावी, म्हणजे न्यायालय ठरविता येते. न्यायालयातील प्रकरण ई-न्यायालय सेवेच्या संकेतस्थळावर जिल्हा व न्यायालय संकुल निवडून पक्षकाराचे नाव, खटल्याचा क्रमांक किंवा अधिनियम यांनुसार शोधता येते. प्रत्येक खटल्यास सोळा अक्षरांकांचा एक कायम ओळखक्रमांक असतो. तो एकदा मिळाला, की पुढील शोध सोपा होतो. नावाने शोधताना मराठी नावांच्या रोमन लिपीतील लेखनाचा घोळ आड येतो. ‘शिंदे’ किंवा ‘चौधरी’ या नावांचे दोन-तीन तऱ्हांनी लेखन करून पाहिल्याखेरीज प्रकरण नाही, असा निष्कर्ष काढू नये.

संगणकपूर्व काळातील प्रकरणांसाठी न्यायालयाच्या नोंदवह्यांचा आधार घ्यावा लागतो व त्यासाठी निदान वर्ष आणि पोलीस ठाणे माहीत असणे आवश्यक असते. निकालाची प्रमाणित नक्कल हवी असल्यास न्यायालयाच्या नक्कल विभागाकडे शुल्कासह अर्ज करावा लागतो. पोलिसांच्या ताब्यातील स्वतःच्या चलानाची कागदपत्रे माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली मागता येतात व सामान्यतः ३० दिवसांत उत्तर मिळावयास हवे. दंड भरल्याची पावती आणि प्रकरण निकाली निघाल्याची न्यायालयीन नोंद या दोन वेगळ्या वस्तू आहेत. दुसरीची प्रत जपणे अधिक उपयुक्त. ई-चलानाच्या नावाने भ्रमणध्वनीवर येणारे सर्वच संदेश खरे नसतात. संदेशातील दुव्यावरून पैसे भरण्याऐवजी शासकीय संकेतस्थळावर वाहनक्रमांक टाकून चलान खरोखरच आहे काय, हे आधी पाहणे इष्ट होय.

नोंदीतील चुका : वाहनक्रमांकातील एखादा अंक चुकीचा वाचला जाणे, दुसऱ्याच वाहनावर तोच क्रमांक बनावट पाटीने वापरला जाणे आणि वाहन विकूनही नोंदणी जुन्या मालकाच्या नावे राहणे, ही चुकांची नेहमीची कारणे आहेत. पहिल्या दोहोंत छायाचित्रच बहुधा निर्णायक ठरते : रिक्षाच्या मालकास शिरस्त्राण न घातल्याचे चलान आले, तर वाद घालण्याची गरज उरत नाही. अशी तक्रार संकेतस्थळावर किंवा वाहतूक पोलिसांकडे छायाचित्र व नोंदणीपुस्तकाच्या प्रतीसह करता येते आणि ती मान्य झाल्यास चलान रद्द होते. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या वाहनांवर उच्च सुरक्षा नोंदणीपाट्या सक्तीच्या करण्यामागे बनावट क्रमांकांना आळा घालणे हाही एक हेतू होता.

तिसरे कारण अधिक त्रासदायक. राज्यांतर्गत विक्रीत विकणाऱ्याने १४ दिवसांत व घेणाऱ्याने ३० दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्यास कळवावयाचे असते (कलम ५०). व्यवहार मात्र कोऱ्या अर्जावर सही देऊन होतात आणि जुनी मोटारसायकल दोन-तीन हातांतून फिरते. कायद्याच्या दृष्टीने नाव नोंदणीत आहे तोच मालक. अपघाताच्या भरपाईसंबंधी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये असाच निर्णय दिला. अशा मालकाने विक्रीचा कागद दाखविला, तरी चलाने त्याच्याच नावे येत राहतात. वाहन दुसरा कोणी चालवीत होता असे असल्यास चालकाचे नाव, पत्ता व लायसन यांची माहिती पोलिसांनी मागितल्यावर देणे हे मालकाचे कर्तव्य आहे (कलम १३३). मालवाहू टेंपोंच्या धंद्यात मालक ही माहिती देतो, चालकाच्या पगारातून रक्कम कापतो किंवा स्वतःच ती भरून टाकतो. यांपैकी काय घडले त्यावर चालकाच्या लायसनावर डाग राहतो की नाही हे ठरते, आणि चालकास ते बहुधा कळविले जात नाही.

लायसनावरील परिणाम : न्यायालय किंवा लायसन प्राधिकारी चालकास ठराविक काळापुरते अपात्र ठरवू शकतात व त्याची नोंद लायसनावर होते. ही नोंद नूतनीकरण झालेल्या अथवा दुय्यम लायसनावरही उतरते. मात्र तीन वर्षांत नवी नोंद झाली नाही, तर नोंदविरहित लायसन मिळण्याचा हक्क धारकास आहे. नोंद केवळ वेगमर्यादेच्या भंगाची असल्यास ही मुदत एका वर्षाची आहे (कलम २४). खाजगी मोटारीच्या मालकास तीन महिन्यांची अपात्रता ही गैरसोय असते; रिक्षा, टॅक्सी किंवा मालमोटार चालविणाऱ्यास ती तीन महिन्यांची बेरोजगारी असते. कायदा दोहोंस एकच माप लावतो. नोंद पुसून घेण्याच्या हक्काची माहिती ज्यांना त्याची सर्वाधिक गरज आहे, त्यांच्यापर्यंत क्वचितच पोहोचते.

इतर देशांतील पद्धती : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पुष्कळ राज्यांत वाहतूक अपराधांची तिकिटे स्थानिक काउंटी किंवा नगर न्यायालयांत निकाली निघतात आणि अभिलेख त्या न्यायालयाच्या लिपिकाकडे मिळतो. तेथेही तिकीट कोठे दिले गेले यावरून न्यायालय ठरते. दोषसिद्धीची खबर राज्याच्या परवाना खात्यास जाते व अनेक राज्यांत चालकाच्या खाती गुण जमा होऊन ठराविक गुणांनंतर परवाना निलंबित होतो. ब्रिटनमध्ये निश्चित दंड १९६० च्या कायद्याने आला व दंडगुणांची पद्धत १९८१ च्या वाहतूक कायद्याने घालून दिली. या पद्धतींत अपराधांचा हिशेब चालकाच्या नावे राहतो. आपल्याकडे तो अद्याप मुख्यतः वाहनाच्या नावे आहे.

जतन : न्यायालयीन कागद कायमचे ठेवले जात नाहीत. प्रकरणाच्या स्वरूपानुसार त्यांची वर्गवारी होऊन उच्च न्यायालयाच्या नियमांप्रमाणे ठराविक काळानंतर ते नष्ट केले जातात, आणि संक्षिप्त पद्धतीने चाललेल्या लहान दंडाच्या खटल्यांचे कागद अल्पायुषी गटात मोडतात. संगणकातील चलानाची नोंद मात्र तशीच राहू शकते. म्हणून जुन्या प्रकरणात निर्दोष सुटलेल्या किंवा दंड भरून मोकळ्या झालेल्या चालकाने निकालाची प्रमाणित नक्कल वेळीच घेऊन ठेवलेली नसेल, तर मूळ आरोप दाखविणारी नोंद शिल्लक आणि तो निकाली निघाल्याचा कागद नाहीसा, असा प्रसंग त्याच्यावर येऊ शकतो.